९-० ने हरलेल्या कॉलेज संघाचा आढावा कसा घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या एका सरांचा फुटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात नागपूरच्या संघाकडून ९-० असा हरला. सामना ३५-३५ मिनिटांचा होता. पहिल्या हाफमध्ये सहा गोल झाले, दुसऱ्यात तीन. आता मुलं गोलकीपरला बोल लावतात आणि त्यानं ग्राउंडवर येणंच सोडलं आहे. पुढच्या वर्षी संघ पाठवायचाच कशाला, असं प्राचार्य विचारत आहेत. सरांकडे पहिल्या हाफचं मोबाइलवरचं चित्रीकरण आहे, आणि प्रत्येक गोल कितव्या मिनिटाला कसा झाला हे त्यांनी लिहून पाठवलं आहे. आढावा कुठून सुरू करू, असं ते विचारतात.

सर, एवढा मार खात असताना बाजूला उभं राहून वेळा टिपून ठेवायला धीर लागतो. तुमच्याजवळ आज जे काही आहे त्यात ती चिठ्ठी सगळ्यांत कामाची आहे. तेव्हा ९-० हा आकडा थोडा बाजूला ठेवा आणि वेळा वाचा. ९, २२, २४, २५, २७, ३३. मग ४८, ६१ आणि ६८.

पहिल्या २१ मिनिटांत तुमच्या पोरांनी एकच गोल खाल्ला, तोही कॉर्नरवर. नागपूरच्या संघातली मुलं लहानपणापासून क्लबात खेळलेली. जवळच्या कामठीत तर पिढ्यान् पिढ्या फुटबॉल चालतो. अशा मुलांसमोर तुमची पोरं २१ मिनिटं उभी राहिली. मग २२ ते २७ या पाच मिनिटांत चार गोल गेले. सामना हरला तो या पाच मिनिटांत. तुमच्या आढाव्याचा निम्मा वेळ इथंच जायला हवा.

हे फक्त खेड्यातल्या पोरांचंच होतं असं समजू नका. २०१४ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बेलो होरिझोंतेला जर्मनीनं ब्राझीलला ७-१ असं हरवलं. पहिला गोल ११ व्या मिनिटाला झाला, तोही कॉर्नरवर. मग २३, २४, २६ आणि २९ व्या मिनिटाला चार गोल. त्यानंतर थेट ६९ व्या मिनिटापर्यंत एकही नाही. घरच्या मैदानावर, जगातले नावाजलेले खेळाडू, आणि सहा मिनिटांत संघ विस्कटला. नेमार जखमी होता, कर्णधार थियागो सिल्व्हा निलंबित होता, ही कारणं खरीच. पण ते चार गोल पुन्हा पाहा. दुसरा गोल खाल्ल्यावर जो तो आपल्या परीनं भरपाई करायला पुढं धावला आणि मधली जागा मोकळी पडली. तुमच्या २४ आणि २५ व्या मिनिटाच्या गोलांबद्दल तुम्ही लिहिलं आहे, ‘सेंटर केल्याबरोबर बॉल गेला आणि लगेच गोल.’ सेंटर म्हणजे गोल झाल्यावर मध्यावरून खेळ पुन्हा सुरू करणं. दुखणं तेच आहे.

आता एकेक गोल घेऊ. प्रत्येक गोलासाठी एकच प्रश्न विचारा. गोल होण्याच्या आठ-दहा सेकंद आधी बॉल कुठं होता आणि तो आपल्या हातून कसा गेला? गोल होतानाचं चित्र पाहून काही हाती लागत नाही. तिथं गोलकीपर आडवा पडलेला दिसतो, आणि मग सगळ्यांची बोटं त्याच्याकडे वळतात.

२२ वा मिनिट. तुमच्या गोलकीपरची लांब किक मध्यरेषेजवळ पडली. त्यांच्या हाफनं, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूनं, ती डोक्यानं परत मारली, बॉल मध्ये पडला आणि तिथं तुमचं कुणीच नव्हतं. तुमचे दोन फॉरवर्ड पुढं, चार बॅक पेनल्टी एरियाच्या तोंडाशी, आणि मधल्या चाळीसेक मीटरमध्ये दोन पोट्टे सैरावैरा. या पडणाऱ्या बॉलला आम्ही दुसरा बॉल म्हणतो. पहिला बॉल उंच पोरगा घेतो. दुसरा कुणाकडे जातो यावर आपल्याकडच्या निम्म्या मॅचेस ठरतात. २४ आणि २५ चे गोलही त्याच मोकळ्या पट्ट्यातून गेले. म्हणजे नऊपैकी तीन गोलांचं कारण एकच आहे.

ही चाळीस मीटरची फट पडते कशी, याचं उत्तर मला तुमच्या कॉलेजच्या ग्राउंडात दिसतं. तुम्ही लिहिता की ते सत्तर मीटरच्या आसपास आहे, शिवाय एका बाजूला कबड्डीचं आणि व्हॉलीबॉलचं मैदान. नियमाप्रमाणे फुटबॉलचं मैदान किमान ९० मीटर लांब लागतं, १२० पर्यंत चालतं. सत्तर मीटरवर पोरं जिथं उभी राहतात तिथं बॅक आणि फॉरवर्ड आपोआप जवळ येतात. तीच पोरं शंभर मीटरवर गेली की आपापल्या गोलाच्या ओढीनं दोन टोकांना जातात आणि मधला भाग ओस पडतो. हा त्यांच्या अकलेचा दोष नाही. त्यांच्या डोळ्यांना ते अंतर माहीतच नाही.

यावर करायचं काम साधं आहे. गावाबाहेर, आठवडी बाजाराच्या जागेवर किंवा कापणी झालेल्या पडीक वावरात, मिळेल तिथं चुन्यानं शंभर मीटर आखा. दर २५ मीटरला आडवी रेघ मारा. मग बॉल न देता अकरा जणांना चालवा. बॉल इथं आहे म्हटलं की सगळ्यात मागचा बॅक आणि सगळ्यात पुढचा फॉरवर्ड यांच्यात दीड पट्ट्याहून जास्त अंतर नको. चालून जमलं की पळवा, मग बॉल टाका. पोरं कंटाळतात, पण पंधरा मिनिटांच्या वर घेऊ नका म्हणजे कुरकूर करणार नाहीत.

दुसरी गोष्ट, गोल खाल्ल्यानंतरची पाच मिनिटं. ती सरावात घ्यावी लागतात, आणि आपल्याकडे ती कुणीच घेत नाही. सरावाच्या खेळात मध्येच शिट्टी मारा आणि सांगा, ‘आत्ताच गोल खाल्ला.’ कर्णधारानं जाळीतला बॉल स्वतः काढून चालत मध्यावर आणायचा, धावत नाही. सेंटर मागच्या हाफला द्यायचा, त्यानं तो त्यांच्या कोपऱ्याकडे साइडलाइनबाहेर मारला तरी चालेल. थ्रो-इन त्यांचा होईल, पण आपल्या गोलापासून सत्तर मीटर लांब. तेवढ्यात सगळे बॉलच्या मागे यायचे. पाच मिनिटं एकच फॉरवर्ड पुढं, बाकी सगळे मागे. दिसायला हे भेदरल्यासारखं दिसतं, बाहेरून पोरं ओरडतात. ओरडू द्या.

२७ व्या मिनिटाचा गोल वेगळ्या जातीचा आहे. त्यांनी लांब थ्रो टाकला, तुमचा सेंटर बॅक हात वर करून ऑफसाइड मागत उभा राहिला आणि त्याच्या मागच्या फॉरवर्डनं बॉल आत ढकलला. ऑफसाइड म्हणजे बचावपटूंच्या मागे आधीच उभं राहून बॉल घेण्याचा दोष, पण थ्रो-इनवरून थेट आलेल्या बॉलला तो नसतो. गोलकिक आणि कॉर्नरवरही नसतो. टीव्हीवर रोज मॅच पाहणाऱ्या पोरांनाही हे ठाऊक नसतं, कारण ते कुणी समजावून सांगत नाही. एक तास वर्गात बसवून फक्त नियम सांगा. त्यातच दुसरीही सवय मोडा. हात वर करायचाच नाही. शिट्टी वाजेपर्यंत पळायचं.

गोलकिकचाही विषय तिथंच घ्या. २०१९ पासून गोलकिकचा बॉल मारल्याबरोबर खेळात येतो, आपला खेळाडू पेनल्टी एरियाच्या आत उभा राहून तो घेऊ शकतो. म्हणून टीव्हीवर बरेच मोठे संघ छोटी किक घेतात, आणि आपली पोरंही तसंच करू म्हणतात. मुरमाच्या, खड्ड्याच्या मैदानावर माझा याला विरोध आहे. बॉल उसळून पायाखालून जातो आणि गोल समोर असतो. लांबच मारा, पण मधोमध नको. उजवीकडे किंवा डावीकडे, जिकडे तुमचा उंच पोरगा असेल तिकडे साइडलाइनजवळ मारा, आणि किक मारण्याआधी त्याच्याभोवती तीन जण पाठवा. दुसरा बॉल मिळाला तर मिळाला, नाहीतर बाहेर तरी जाईल.

९ व्या मिनिटाच्या कॉर्नरबद्दल फार लिहीत नाही. लांबच्या खांबावर कुणी नव्हतं. एक जण तिथं उभा करा, प्रत्येकाला एकेक माणूस वाटून द्या. ३३ ची पेनल्टी म्हणजे दमलेल्या बॅकनं उशिरा घातलेला पाय. ती २२ ते २७ च्या धावपळीची बाकी होती.

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे ते सांगतो. ३३ व्या मिनिटानंतर ६१ व्या मिनिटापर्यंत, म्हणजे २८ मिनिटांत, तुम्ही एकच गोल खाल्लात, आणि तो लांबून मारलेला, हातातून निसटलेला. हाफटाइमला काय केलंत म्हणून पाहिलं, तर तुम्ही एका ओळीत सहज लिहून गेला आहात की एक फॉरवर्ड काढून बॅकच्या समोर उभा केला. सर, तेच तर उत्तर होतं! मधली फट तुम्ही स्वतः बुजवलीत. पुढच्या सामन्यात हा पोरगा पहिल्या मिनिटापासून तिथंच ठेवा. मात्र एक गोष्ट तपासून पाहा. सहा गोल झाल्यावर त्यांनी आपले चांगले खेळाडू बसवले होते का? तसं असेल तर या २८ मिनिटांचं श्रेय थोडं कमी धरा. तरीही मी सुरुवात याच मांडणीनं करीन.

६१ आणि ६८ चे गोल पायांनी घालवले. दोन्ही उजव्या बाजूनं झाले आणि तुमचा उजवा बॅक तेव्हा लंगडत होता. पहाटे पाचची एसटी, बसस्टँडवर तर्री-पोहे, मग नागपुरात ग्राउंड शोधत पायपीट आणि भर दुपारी ऑक्टोबरच्या उन्हात मॅच. पायात गोळे येणारच. गोळा नुसत्या पाण्याच्या कमतरतेनं येतो असं नाही, सवयीपेक्षा जास्त पळणं झालं तरी येतो. तर्री सामन्यानंतर खाऊ द्या. आधी साधे पोहे, केळी किंवा घरून बांधून आणलेली भाकर आणि कमी तिखट भाजी, तीही सामन्याच्या तीनेक तास आधी. लिंबू, साखर, मीठ घातलेलं पाणी दोन कॅनमध्ये सोबत न्या. जमलं तर आदल्या संध्याकाळी पोचा. ओळखीच्या कॉलेजला विनंती केली तर एखादी खोली आणि सतरंज्या मिळतात.

आणि लंगडणारा बॅक बसवता आला नाही, कारण तुमच्याकडे बदली खेळाडू दोनच होते. बाकीचे सोयाबीन काढायला थांबले. याचा राग पोरांवर काढू नका. सोंगणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही, वर पावसाची भीती. ज्या घरचा एकुलता पोरगा आहे तो मॅचला येणार कसा? यावर उपाय जूनमध्ये करायचा असतो. कुणाकडे किती एकर सोयाबीन आहे, कुणाकडे कपाशी, कुणाकडे ओलीत, हे संघ निवडतानाच विचारून घ्या आणि त्या हिशोबानं वीस-बावीस पोरं सरावात ठेवा. कपाशीवाल्यांची वेचणी बहुधा नंतर सुरू होते, ते ऑक्टोबरात येऊ शकतात. दोन-तीन बापांना स्वतः जाऊन भेटा. सर घरी आले याचं वजन गावात अजून आहे.

बुटांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, की चार जणांनी त्या दिवशी मागून आणलेले स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट घातले आणि टाचा सोलल्या. ही लहान गोष्ट नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपला देशाचा संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला होता. आदल्याच वर्षी आशियाई सुवर्णपदक जिंकलेला संघ. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्या पराभवानंतर महासंघानं बूट सक्तीचे केले. प्रशिक्षक मात्र तेच राहिले, सय्यद अब्दुल रहीम. १९५६ मध्ये मेलबर्नला आपल्याच देशानं नेव्हिल डिसोझाच्या तीन गोलांच्या जोरावर ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं आणि ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक घेतला. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर होती आणि पुन्हा आपण हरलो, पण ४-१. बुटांनीच सगळं केलं असं मी म्हणणार नाही. दहा गोल खाल्लेल्या पराभवातून बदलता येण्यासारखी एक गोष्ट शोधली आणि ती खरंच बदलली, हे मला मोलाचं वाटतं. तुमच्या पोरांना बूट सामन्याच्या निदान महिनाभर आधी मिळायला हवेत, रोजच्या सरावात घालायला. आपल्या कडक जमिनीला रबरी, बारीक स्टडचे घ्या, लांब स्टडचे नकोत.

आता बैठक. परतीच्या एसटीत आढावा घ्यायचा नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दोन-तीन दिवस जाऊ द्या. वर्गात नको, ग्राउंडवरच कडुनिंबाच्या सावलीत बसवा. मातीत मैदान काढा, अकरा पांढरे खडे आणि अकरा विटांचे तुकडे घ्या. २४ व्या मिनिटाचा गोल घ्या आणि प्रत्येकाला म्हणा, तुझा खडा तूच ठेव. सेंटर झाला तेव्हा तू कुठं होतास? इथं खरी गंमत होते. मोबाइलच्या चित्रीकरणात बॉलच्या आसपासचे चार जण दिसतात, बाकीचे सात कुठं होते हे खड्यांवरून कळतं. एक पोट्टा म्हणतो, ‘मी त इथंच होतो ना सर.’ दुसरा लगेच म्हणतो, ‘काहून खोटं बोलतं बे, तू त तिकडं त्यांच्या डीजवळ होता.’ पहिला खडा पुढं सरकवतो. मग सेंटर बॅक हळूच सांगतो, ‘मले वाटलं हात वर केला का रेफरी शिट्टी मारीन.’ तुम्ही काही बोलू नका. खडे ठेवून झाले की मधला रिकामा पट्टा सगळ्यांनाच दिसतो आणि गोलकीपरचा विषय तिथंच मागे पडतो.

चित्रीकरण दाखवायचंच असेल तर २२ ते २७ एवढाच भाग, आणि दोनदा. घोळक्यानं मोबाइलभोवती बसून सगळे गोल पुन्हा पुन्हा पाहिले की हसणं आणि टोमणे सुरू होतात.

त्या गोलकीपरकडे मात्र बैठकीआधी तुम्ही एकटे जा. तुम्ही सांगता की तो मुळात व्हॉलीबॉलचा खेळाडू, कुणी उभं राहत नव्हतं म्हणून उभा राहिला. त्याला गोलांची चिठ्ठी दाखवा. नऊपैकी ४८ वा मिनिट त्याचा, बाकी आठ गोल त्याच्यापर्यंत येण्याआधीच घडले होते. हे त्याला स्पष्ट सांगा, ४८ चाही उल्लेख टाळू नका. तो टाळला तर बाकीचं सगळं त्याला समजूत घातल्यासारखं वाटेल. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. एकटा समोर आलेल्या फॉरवर्डला रेषेवर उभं राहून अडवणं कुणालाच सोपं नाही. व्हॉलीबॉलमुळे त्याचे हात आणि उडी तयार आहेत, शिकवायचं ते पुढं यायला. रोज वीस मिनिटं, एकटा फॉरवर्ड बॉल घेऊन येतोय आणि हा तीन-चार पावलं पुढं सरकून कोन कमी करतोय, एवढंच. बैठकीत पहिला खडा त्यालाच ठेवायला लावा.

प्राचार्यांना लांबलचक अहवाल देऊ नका, एक पान पुरे. वर गोलांच्या वेळा, त्यांच्यासमोर कारणं. नऊपैकी तीन मधल्या फटीमुळे, दोन कॉर्नर आणि थ्रो-इनवर, दोन दमलेल्या पायांमुळे, एक पेनल्टी, एक गोलकीपरचा. खाली मागण्या. अकरा जणांना बूट, चार चांगले बॉल, चुना, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठ्या मैदानावर चार सराव सामन्यांचा प्रवासखर्च. बॉल ५ नंबरचेच घ्या आणि हवा मोजून भरा. दगडासारखा फुगवलेला बॉल पोरांच्या पायात थांबत नाही.

पुढच्या वर्षी जिंकू, असं त्यांना लिहून देऊ नका. लहानपणापासून क्लबात खेळलेल्या मुलांशी असलेलं अंतर एका हंगामात भरत नाही, आणि प्राचार्य तुम्हाला तो कागद दाखवल्याशिवाय राहणार नाहीत. लिहायचंच असेल तर हे लिहा की सराव सामन्यांत आम्ही तीन गोष्टी मोजू: गोल खाल्ल्यावरच्या पाच मिनिटांत पुन्हा गोल झाला का, गोलकिकनंतरचा दुसरा बॉल किती वेळा आपल्याला मिळाला, आणि शेवटच्या दहा मिनिटांत किती खेळाडू धड पळत होते. मोजायला बाहेर बसलेल्या बदली खेळाडूंच्या हातात वही द्या. पहिला सराव सामना हिंगणघाट किंवा वर्ध्याच्या एखाद्या संघाशी ठरवा. तेही भारी पडतील, पण नऊ गोलांचा फरक नसेल, आणि दुपारी घरी परतता येईल.